किक आहे का?

नवी मोटारसायकल घ्यायला निघालेल्याला आमच्या वरकुटे गावात अजून दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती? आणि किक आहे का? ब्लूटूथचं कोणी विचारत नाही. ते शोरूमवाला आपणहून सांगतो, कारण किक काढून टाकलेली असते.

एप्रिल 2020 मध्ये धुराचे बीएस-6 नियम आले. दुचाकीचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. पूर्वी गाडी बंद पडली की प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा, बसवायचा. आता आधी दिवा लागतो. दिवा का लागला ते सांगायला स्कॅनर लागतो. स्कॅनर बारामतीला, गाडी बांधावर. मग टोचन.

प्रगती झाली ती टोचनवाल्याची.

डिझेलची तऱ्हा आणखी न्यारी. नवे ट्रक आणि बऱ्याचशा मोठ्या डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचं पाणी पाजावं लागतं. ते संपलं की डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी गाडी रुसते. त्या पाण्यात असतं काय? 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. म्हणजे उसासाठी युरियाच्या रांगेत उभं राहायचं ते राहायचंच, वर गाडीलाही युरिया. आणि घरातलं पोतं तिला चालत नाही. तिचं सोवळं वेगळं.

यावर कोणी म्हणेल, शेतकरी नव्याला घाबरतो. घाबरतो? ठिबक त्याने घेतलं, स्मार्टफोन घेतला, पंप चालू-बंद करायला मोबाईलवरचा स्टार्टर घेतला. तो घाबरतो फक्त एका गोष्टीला. हंगामात थांबण्याला.

कारखाना सुरू झाला की छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, सगळ्यांच्या वाटा उसाने भरतात. तोडलेला ऊस कोणाची वाट पाहत नाही. तो उन्हात सुकतो, वजन घटतं, आणि पैसे मिळतात वजनावर. अशा वेळी वाटेत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरसाठी दोन माणसं असतात. एक पाना घेऊन आलेला. दुसरा लॅपटॉप घेऊन येतो म्हणालेला.

तुम्ही कोणाला फोन कराल?

म्हणून तर जुना ट्रॅक्टर रात्री उताराला लावतात. बॅटरी बसली तरी सकाळी ब्रेक सोडला, क्लच सोडला, की धडधड सुरू. त्या उताराला सॉफ्टवेअर अपडेट लागत नाही.

1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक नियम लागले. त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, किंमतही चढली. गिऱ्हाईक काय करतं? पन्नासच्या आत राहतं. सरकारने रेघ तिथेच का ओढली? बहुतेक ट्रॅक्टर पन्नासच्या आतच खपतात म्हणून. दोघं एकमेकांना पुरते ओळखून आहेत.

पुण्याचा भाचा याला अडाणीपणा म्हणतो. त्याला अमेरिका दाखवावी. 2020 च्या सुमारास तिकडे मिनेसोटात चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरांवर लिलावात उड्या पडत होत्या. कारण? उघडता येतात. शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करता यावं म्हणून कोलोरॅडो राज्याला 2023 मध्ये चक्क कायदा करावा लागला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप असा की दुरुस्तीचं पुरतं सॉफ्टवेअर फक्त डीलरच्या हाती ठेवलं. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या सणसवाडीला आहे.

घ्या. अडाणीपणाही आता इम्पोर्टेड निघाला.

जुन्याची ही हौस कंपन्यांना कळत नाही असं समजू नका. बारामतीच्या एमआयडीसीत 2012 पासून व्हेस्पा बनते, आजोबांच्या काळचं रूपडं घेऊन. 2020 मध्ये चेतकही परतली, बॅटरीवर. नाव जुनं, आत चिप. वाकडी करून सुरू करायची सोय तेवढी परतली नाही.

आणि आपलं प्रेम तरी किती खरं? प्रीमियर पद्मिनी ज्या कंपनीची, ती काढली वालचंद हिराचंद यांनी, 1944 मध्ये. आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, तेच हे. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून थांबली, तेव्हा मोबाईलवर महाराष्ट्र हळहळला. हळहळून झाल्यावर ॲपवरून एसी गाडी मागवली.

साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा रात्री उसाच्या ट्रॉलीमागून जाऊन पाहावं. तिच्याइतकं साधं वाहन दुसरं नाही. सेन्सर नाही, स्क्रीन नाही, चिप नाही. अनेकदा मागे लाल दिवाही नाही, आणि ब्रेकच्या नावानं चांगभलं! एबीएसला नाकं मुरडणाऱ्याला ती अंधारात अचानक समोर आली की एबीएसची आठवण होते. तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा भांडण चिपशी नाहीच. चिपने ब्रेक लावावा की! भांडण कुलपाशी आहे. पैसे आपण भरायचे, हप्ते आपण फेडायचे, आणि बॉनेटखालचं काय बिघडलं ते विचारायला कंपनीच्या दारात जायचं?

दिल्लीला याची खबर आहे. 2022 च्या जुलैत ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची यंत्रं आणि मोटारी, दोन्ही तिच्या यादीत. त्याच डिसेंबरात पोर्टलही निघालं. तिथे कंपन्या दुरुस्तीची माहिती ठेवणार, आपण ती मोबाईलवर वाचायची.

त्या मोबाईलची बॅटरी तेवढी आपल्याला काढता येत नाही.