ठिपके मोजणारे मामाजी

मामाजींना सुटे पैसे परत द्यायचे म्हटलं की पांढुर्ण्याच्या पानठेलेवाल्याच्या कपाळाला आठी पडते. एकेक नाणं उन्हाकडे धरून ते सालाखालची खूण बघतात. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. मागून कुणीतरी ओरडतं, "मामाजी, पान खाता का टांकसाळ तपासता?"

पण हा नुसता रियाज. जीव अडकलाय तो अमेरिकेच्या 'डबल ईगल'मध्ये. वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, साडेतेहतीस ग्रॅमला जरासं कमी. गरुडाच्या शेपटीखाली दोन 'सी' असले की कार्सन सिटीची टांकसाळ. त्यातून साल १८७० असलं तर मामाजींचा आवाज जामसावळीच्या देवळात शिरल्यासारखा खाली येतो. नाणं त्यांनी कधी हातात धरलेलं नाही. फोटो आहे. तोही भिंगातूनच बघतात.

हातात आहेत ते आजीच्या माळेतले सात राणीछाप रुपये. "१८६२ लिहिलंय म्हणून १८६२ चा समजू नको. तेच साल १८७४ पर्यंत छापत होते. ठिपके मोज!" मग हळूच म्हणतात, "१८७७ साली तिकडे नुसत्या 'डी'चे पुरे 'डॉलर्स' झाले, इकडे 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. एकाच वर्षी दोघांना बढती." स्वतः मामाजी बाबू म्हणून लागले आणि बाबू म्हणूनच निवृत्त झाले.

मामी सौंसरच्या. एका लक्ष्मीपूजनाला त्यांनी सातही रुपये चिंचेनं घासून आरशासारखे केले. जुन्या नाण्याचा काळपटपणा घालवला की किंमतही गेली, हे त्यांना कोण सांगणार? मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटवड्यांची रस्सा भाजी होती.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, जाम नदीच्या काठावर सगळ्यांच्या नजरा वर, गोट्यांकडे. मामाजींची खाली. वाळूत काहीतरी चमकलं होतं. ते बाटलीचं झाकण निघालं, आणि तेवढ्यात सावरगावकडून आलेला गोटा कपाळावर बसला. टाके पडत असताना कळवळून विचारतात, "कड शाबूत आहे ना?"

मामी म्हणाल्या, "कड शाबूत हाये. छाप तेवढी आधीपासूनच घासलेली हाये."