बीडच्या साठ खुर्च्या

बीड जिल्हा परिषदेच्या सभागृहात साठ सदस्य बसायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या त्या साठ जणांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२५ साल सरलं, तरी त्यांच्या जागी लोकांनी निवडलेला एकही माणूस आलेला नव्हता. मुदत संपली त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला बसलेलं पोर चौथीत पोचलं. त्याच्या शाळेचं छत, गावचं आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडीतला आहार, नळयोजनेची टाकी या सगळ्याचा कारभार जिल्हा परिषदेचा. आणि त्या सभागृहात उभं राहून ‘साहेब, याचं काय झालं?’ म्हणणारं कुणी नव्हतं.

आता दुसरे साठ पाहा. ब्रिटनमधल्या वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख. २०११ च्या जनगणनेत आपला बीड जिल्हा २५ लाख ८५ हजारांचा, म्हणजे फार अंतर नाही. वेल्सला १९९९ मध्ये स्वतःचं सभागृह मिळालं, त्याचे सदस्यही साठच होते. तिथल्या सरकारच्या प्रमुखाला दर मंगळवारी सभागृहात उभं राहून दवाखान्यांच्या रांगांपासून नद्यांच्या घाणीपर्यंत उत्तरं द्यावी लागतात. समित्यांच्या बैठका कुणालाही घरबसल्या पाहता येतात. २०१५ मध्ये त्यांनी कायदा केला की सरकारी संस्थांनी आजचा निर्णय घेताना पुढच्या पिढ्यांचाही हिशेब मांडायचा. आणि सरकारला नीट धारेवर धरायला साठ माणसं पुरत नाहीत, असं दिसल्यावर २०२४ मध्ये कायदा करून त्यांनी ती संख्या ९६ केली.

त्यांनी साठाचे शहाण्णव केले. आपण साठाचं शून्य केलं.

वेल्सच्या सभागृहाला कायदे करता येतात, जिल्हा परिषदेला येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण महाराष्ट्रानं जिल्ह्याला कारभार सोपवण्याचं काम जोमानं केलं, हेही विसरू नका. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिले, त्यांत पिण्याचं पाणी आहे, लघुपाटबंधारे आहे, सामाजिक वनीकरण आहे, शाळा आहे, आरोग्य आहे. कलम २४३ ई तर स्पष्टच सांगतं, की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद, त्यावरचा बांठिया आयोग, प्रभागरचनेचे बदललेले कायदे, न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा ‘जैसे थे’ आदेश, या सगळ्यात वर्षं गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही चार महिन्यांत झालं नाही.

मधल्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक होते. प्रस्ताव त्यांचा, मंजुरी त्यांची, अंमल त्यांचा आणि अंमल नीट झाला का हे तपासणंही त्यांचंच. अधिकारी कितीही सचोटीचा असो, स्वतःला उपप्रश्न कुणी विचारत नाही.

यातून काय होतं, ते बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या पाण्यात दिसतं.

आमचं माजलगावचं धरण सिंदफणा नदीवर आहे. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं, १९८७ मध्ये पूर्ण झालेलं. एकूण साठा सुमारे ४५४ दलघमी, त्यातलं उपयुक्त पाणी ३१२. जायकवाडीच्या नाथसागरातून पैठणच्या उजव्या कालव्यानं पाणी येऊन पडतं तेही इथेच. माजलगावकर हे पाणी पितात, बीड शहर हे पाणी पितं, आणि खाली परभणी जिल्ह्यापर्यंतची शेती त्यावर उभी आहे. आता नकाशावर बोट वर सरकवा. बीड शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते. शहराचं सांडपाणी बिंदुसरेत उतरतं, बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगावच्या धरणात येते. त्याच धरणातून पाणी उपसून जलवाहिनीनं पुन्हा बीडला जातं. बीडकर जे नदीत सोडतात त्याच्याच खालच्या टोकाला त्यांचा आणि आमचा पाण्याचा हंडा भरतो.

याबद्दल विचारायचं कुणाला? धरण जलसंपदा विभागाचं, म्हणजे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचं. सांडपाणी बीड नगरपरिषदेचं. प्रदूषण पाहायचं प्रदूषण नियंत्रण मंडळानं. खेड्यांच्या पाणी योजना जिल्हा परिषदेच्या. नदीपात्रातली वाळू महसूलची, काठावरची झाडं वन विभागाची. एका नदीचे सहा धनी, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकच उत्तर तयार, की हा विषय आमच्याकडे येत नाही. हे सहाही जण एका खोलीत आणून बसवण्याची ताकद असलेली जागा जिल्ह्यात एकच होती, निवडून आलेल्या सदस्यांची. तीच कुलूपबंद राहिली.

वाळूचं घ्या. २०२३ मध्ये सरकारनं डेपोचं धोरण आणलं, ६०० रुपये ब्रासनं वाळू देऊ म्हणाले. एप्रिल २०२५ मध्ये नवं धोरण आलं, डेपो गेले, लिलाव परत आले. दोन वर्षांत दोन धोरणं. मधल्या काळात मंजरथ, जिथे सिंदफणा गोदावरीला मिळते, तिथपासून पुरुषोत्तमपुरीपर्यंत नदीचं पात्र किती खोल गेलं, काठच्या विहिरींचं पाणी किती उतरलं, हे मोजून सभागृहापुढे ठेवलं का? जुनं धोरण का सोडलं, त्यातून नदीचं काय नुकसान झालं, याचा हिशेब न देता नवं धोरण लागू करणं म्हणजे नदीवरच प्रयोग करणं.

‘विधानसभा आहे ना, आमदार विचारतील’ असं कुणी म्हणेल. विचारतातही. तारांकित प्रश्न लागतात, लक्षवेधी लागतात. छापील उत्तरं वाचून पाहा: ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ अंशतः खरं आहे तर कोणता अंश, हे काढून घ्यायला उपप्रश्न लागतो आणि उपप्रश्नाला वेळ लागतो. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन ८ तारखेला सुरू झालं आणि १४ तारखेला संपलं. त्या एका आठवड्यात छत्तीस जिल्ह्यांचे प्रश्न. बिंदुसरेच्या वाट्याला किती मिनिटं येणार?

तरीही प्रश्नात ताकद असते, आणि त्याचा पुरावा बीडचाच आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी मांडला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना सभागृहात आकडा सांगावा लागला, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्या सगळ्याच बायका ऊसतोड मजूर नव्हत्या. पण आकडा कागदावर आला. समिती नेमली गेली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम बीडमध्ये लागू झाला. कोयता घेऊन दरवर्षी घर सोडणाऱ्या बाईचं दुखणं एका प्रश्नानं सरकारी दप्तरात नोंदलं गेलं. त्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं सुरू होत्या, आणि गावोगावच्या आशाताईंना, नर्सताईंना ते दिसत होतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत हाच प्रश्न पाच वर्षं आधी लावून धरला गेला असता, तर किती जणींची शरीरं वाचली असती? जिल्ह्यातला विचारणारा जागा असणं किती मोलाचं आहे, हे मला या एका उदाहरणावरून कळतं.

आमदारांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जिल्हा परिषद रिकामी राहिली तेव्हा त्यांचं काहीच बिघडलं नाही. जिल्हा नियोजन समितीत घटनेप्रमाणे पाचात चार सदस्य जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांतून निवडून यायला हवेत. ते नाहीत म्हटल्यावर निधीचं वाटप पालकमंत्री, आमदार आणि अधिकाऱ्यांच्या हाती राहतं. गावच्या रस्त्यासाठी, समाजमंदिरासाठी, हायमास्टसाठी माणूस आमदाराच्याच दारात जातो. गटातला सदस्य नसला की आमदार मोठा होतो. म्हणून सगळ्याच पक्षांच्या आमदारांना माझा सवाल आहे: या निवडणुका का होत नाहीत, यासाठी तुम्ही किती वेळा कामकाज रोखून धरलंत? स्वतःच्या पक्षाची सत्ता असताना किती वेळा?

विधिमंडळाची एक समिती खास याच कामासाठी आहे, पंचायत राज समिती. आमदार जिल्ह्यात येतात, जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, शाळा-दवाखाने पाहतात, लेखापरीक्षणातले आक्षेप तपासतात. कल्पना उत्तम आहे. पण आक्षेप चार-पाच वर्षं जुने असतात. ज्यानं घोळ केला तो एव्हाना बदलून गेलेला, कधी निवृत्त झालेला असतो. आणि साक्ष बंद दाराआड होते. ज्याच्या गावची टाकी अर्धवट राहिली तो शेतकरी बाहेर आणि त्याच्या टाकीबद्दलचं बोलणं आत. बंद दारामागे संशय वाढतो. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. तो पैसा कुणाचा आणि कशासाठीचा, ते तपास यंत्रणेनं सांगायचं. पण त्या दिवसानंतर तरी समित्यांच्या बैठका लोकांसमोर घ्यायला हव्या होत्या. घेतल्या का?

मराठवाड्याला आणखी एक विचारणारा होता. कलम ३७१ खालचं वैधानिक विकास मंडळ, १९९४ पासूनचं. अनुशेष किती, निधी किती आला, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे यायचा. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं पुन्हा मंडळं नेमायचा निर्णय घेतला. निर्णय घेऊन मंडळ उभं राहत नाही. छत्रपती संभाजीनगरात मंडळ गेलं, बीडमध्ये परिषद गेली, तालुक्यात पंचायत समिती गेली. एकामागून एक विचारणारी तोंडं बंद झाली आणि मराठवाड्यातून मोठा आवाज उठला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुंदरराव सोळंक्यांच्या रूपानं ज्या तालुक्यानं राज्याला उपमुख्यमंत्री दिला, त्या माजलगाव तालुक्यानं तरी गप्प बसू नये.

२०२४ च्या उन्हाळ्यात माजलगावचं धरण जोत्याखाली गेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच धरणाची दारं उघडावी लागली, सिंदफणा पात्र सोडून रानात शिरली, आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकवर विसर्ग झाल्यावर गोदाकाठची गावं पाण्यात गेली. काढणीला आलेलं सोयाबीन, कापूस, खालची मातीसुद्धा वाहून गेली. सरकारनं राज्यासाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पैसे हवेतच, शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजेत. पण सोबत हेही विचारायला हवं होतं, की वरून येणारं पाणी आणि धरणातली जागा यांचा मेळ कोण घालतं, विसर्गाचा इशारा थडीच्या गावांना किती तास आधी मिळाला, पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली. हे प्रश्न पॅकेजच्या आकड्यात सापडणार नाहीत. गावागावातून निवडून आलेला माणूसच ते विचारू शकतो, कारण त्याच्या घरात पाणी शिरलेलं असतं.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेची निवडणूक तरी झाली. माजलगावला पुन्हा नगरसेवक मिळाले. नगरसेवकांनो, तुम्हाला माझं सांगणं आहे. सत्तेत असा की विरोधात, सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या: धरणातून आपण उचलतो त्या कच्च्या पाण्याचा तपासणी अहवाल. तो दर महिन्याचा मागा. नगरपरिषदेच्या दारावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लावा. अहवाल वाईट आला तर बीडच्या नगरसेवकांना पत्र लिहा, तेही नवे आहेत आणि तेही हेच पाणी पितात. दोन्ही शहरांचा ठराव एकत्र करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा, त्याची प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला द्या आणि पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न लागला की नाही, हे लोकांना जाहीर सभेत सांगा. लागला नसेल तर कुणी लावला नाही, त्याचं नावही सांगा.