बंद हुकूम आणि आटीव दूध

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर डाव मांडले की कुटुंबं एकत्र येतात, असं सगळेच म्हणतात. मला वाटतं, त्या रात्री कुटुंबं चार तास रीतसर फुटतात, आणि तेच त्यांच्या प्रकृतीला मानवतं. घरात प्रत्येकाची जागा ठरलेली: बाप ओरडणार, आई आवरणार, सासू सुचवणार, सून ऐकणार. मेंढीकोटात ही व्यवस्था चिठ्ठ्या टाकून मोडते. चौघांत समोरासमोरचे भिडू, सगळा जीव चार दश्श्यांवर. सासू-सून एका बाजूला आल्या आणि सासूची अडकलेली दश्शी सुनेने हुकमाने सोडवली, की सासूच्या तोंडून जी दाद जाते ती सुनेच्या पुरणपोळीला कधी गेलेली नसते. नवऱ्याने पालथा घातलेला बंद हुकूम विरुद्ध बाजूला बसलेली बायको नुसत्या भुवईवरून ओळखते. संसाराच्या वीस वर्षांत काय कमावलं, याचा असा रोखठोक पुरावा दुसरीकडे मिळत नाही. तिकडे झब्बूत आठवीतली मुलगी ‘बाबा, उचल!’ म्हणते आणि बाबा मुकाट्याने सगळी पानं उचलतो. पलंगावरचा ओला टॉवेल त्याने असा कधी उचलला आहे?

यावर कुणी म्हणेल, मग घरीच खेळा की. त्यासाठी गच्ची कशाला? पण घरी दर डावाला कुणीतरी चहा टाकायला उठतं, आणि ते कुणीतरी कोण असतं हे सांगायला नको. शिवाय घरी हरणारा पानं उधळून आत जाऊन झोपू शकतो. गच्चीवर अठरा बिऱ्हाडं बघत असताना त्याला हसत हरावं लागतं. सवयीने ते पुढे खरंही वाटू लागतं. दुसरा आक्षेप जुगाराचा. कोजागर व्रतात जागरणासाठी खुद्द फासे सांगितलेले आहेत, तेव्हा लक्ष्मीची हरकत नसावी. माझी मात्र पैशाला हरकत आहे, कारण पैसे लावले की भिडूची चूक गंमत राहत नाही, उधारी होते.

हाउजीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. 1 ते 90 आकडे, तिकिटावर त्यातले 15, आणि बुद्धीला पूर्ण रजा. पण बुद्धी रजेवर गेल्यामुळेच सात वर्षांचा नातू आणि बँकेतून निवृत्त झालेले आजोबा एका पायरीवर येतात. नातवाचं फुल हाउस झालं की आजोबा त्याचं तिकीट दोनदा तपासतात, हिशेब बरोबर निघतो, आणि मग ते मसाला दुधाकडे वळतात.

दूध आटायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात मेंढीकोटाचे चार डाव सहज होतात. फक्त बसण्याआधी पानं मोजून घ्या; सोसायटीच्या कॅटमध्ये बहुधा 51 च निघतात.