ग्राफबघ्या

ग्राफबघ्या हा प्राणी इंजिन, पंप, कॉम्प्रेसर किंवा भट्टीच्या चाचणी-कक्षात आढळतो. पिंपरी, चाकण, रांजणगाव, वाळूज आणि सातपूर या भागांत त्याची वस्ती दाट आहे. शिक्षणाने तो बहुधा इन्स्ट्रुमेंटेशनचा पदविकाधारक असतो; हुद्द्याने काहीही असू शकतो. यंत्रावरच्या सेन्सरांची मोजमापे संगणकाच्या पडद्यावर रेषा होऊन सरकत असतात. त्या रेषा बिघडल्या की त्याला बोलावतात. बिघडल्या नाहीत, तर तो खात्यात आहे की दुसऱ्या प्लँटला बदलून गेला, हे कोणी सांगू शकत नाही.

बोलावण्याची भाषा ठरलेली आहे. “ग्राफ नाचतोय”, “ग्राफ झोपला”, “ग्राफ अडकला”, “ग्राफ येडा झालाय”. या सगळ्यांवर त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: “कालपासून काय बदललं?” उत्तरही एकच असते: “काहीच नाही.” हे उत्तर तो वेळ घालून वहीत लिहून घेतो. तासाभराने निघते ते असे की शेजारच्या पंपाला नवी ड्राइव्ह बसवली आहे, तिची पॉवर केबल तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या वायरींबरोबर एकाच ट्रेमधून नेली आहे, आणि टेबल पुसताना कोणीतरी यूएसबीची पिन काढून दुसऱ्या भोकात घातली आहे. त्यामुळे कॉम पोर्ट तीनचा सात झालेला असतो आणि सॉफ्टवेअर सकाळपासून तीन नंबरच्या दाराशी वाट पाहत असते. याला कारखान्यात “काहीच नाही” म्हणतात.

सामान्य माणूस नाचणाऱ्या ग्राफला घाबरतो, ग्राफबघ्या सरळ रेषेला. नाचणारा ग्राफ पुष्कळदा पडद्याचीच करामत असते. पाण्याचे तापमान ८२.०१ आणि ८२.०३ अंशांच्या मध्ये हलत असेल आणि ऑटोस्केल चालू असेल, तर सॉफ्टवेअर तेवढा दोन शतांश अंशांचा फरक पडदाभर ताणून दाखवते. साहेब धावत येतात, इंजिन बंद करायची भाषा सुरू होते. ग्राफबघ्या ऑटोस्केल काढतो, उभ्या अक्षावर ० ते १५० टाकतो आणि भूकंप थांबतो. साहेब याला दुरुस्ती समजतात. तो खुलासा करत नाही, कारण तेवढ्यात चहा सांगितलेला असतो.

सरळ रेषेचे मात्र तसे नाही. थर्मोकपलची वायर दाराच्या फटीत चेंगरली आणि तिच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर रीडिंग इंजिनाचे न येता त्या फटीचे येते. एक्झॉस्ट लाल झालेला असतो, ग्राफ ३४ अंशांवर निवांत असतो, आणि ऑपरेटर सांगतो की आज टेम्परेचर फार स्टेबल आहे. वायर सरळ तुटली तर बरे. मग सेन्सरांचे सिग्नल मोजणारी बहुतेक कार्डे रीडिंग कमाल टोकाला नेऊन बोंब मारतात. प्रेशरच्या सेन्सरांतही सोय आहे. त्यांचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे दाब शून्य असला तरी करंट ४ असतोच. ० दिसला की तार तुटली. ही पद्धत काढणाऱ्यांबद्दल ग्राफबघ्याला जो आदर आहे, तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांबद्दल नाही.

त्याच्या संग्रहातला सर्वांत करमणुकीचा दोष म्हणजे रिकामे चॅनल. साध्या कार्डावर चॅनल सोळा असले तरी मोजणारी चिप एकच असते आणि ती पाळीपाळीने प्रत्येकाकडे जाते. ज्या चॅनलला काहीच जोडलेले नाही, ते आधीच्या चॅनलचा उरलेला व्होल्टेज धरून ठेवते आणि शेजारच्या बाकावरचे उत्तर उतरवणाऱ्या पोरासारखे तेच रीडिंग देते. ऑडिटच्या दिवशी पाहुणे दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या पाहून खूश होतात. त्यांतला एक सेन्सर त्या वेळी स्टोअरच्या कपाटात असतो.

पण ग्राफबघ्याची खरी परीक्षा होते ती लाटेच्या वेळी. के-टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. त्यात मेन्सच्या विजेची एक मिलिव्होल्ट गुणगुण शिरली, तर रेष चोवीस अंश इकडेतिकडे होते. ती जाड, केसाळ दिसली असती तर कोणीही ओळखली असती. पण तापमान सावकाश बदलते म्हणून सेकंदाला दहाच रीडिंगे घेतात, आणि ५० हर्ट्झची गुणगुण दहाच्या पटीत नेमकी बसते. प्रत्येक रीडिंग लाटेच्या त्याच जागी पडते, म्हणून रेष सरळच राहते, फक्त चुकीच्या उंचीवर. त्यातही ग्रिड नेमकी ५० वर नसते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवण्याचा नियम आहे. ती ४९.९५ वर असली की पडद्यावर वीस सेकंदांची एक संथ, देखणी लाट उमटते. इंजिन श्वास घेत असल्यासारखी ती दिसते, आणि डिझाइन खात्यातला एखादा तरुण तिच्यावर कूलंटच्या प्रवाहाची उपपत्ती मांडून स्लाइडही तयार करतो.

साहेब म्हणतात, सरासरी घ्या, गुळगुळीत होईल. होत नाही. एकदा रीडिंगात शिरलेली खोटी लाट पुढच्या सॉफ्टवेअरला खरीच वाटते. तिला कार्डात शिरण्यापूर्वी अडवावे लागते. ग्राफबघ्या वाद घालत नाही, सेकंदाला दहाऐवजी अकरा रीडिंगे घेतो. खरी लाट वीस सेकंदांचीच राहिली असती. ही मात्र लगेच बारीक, थरथरती होते. मग तो वायर ट्रेमधून बाहेर काढतो, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करतो आणि कार्डाचा मोजणीचा अवधी २० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सचे एक पूर्ण आवर्तन, इतका ठेवतो. स्लाइड डिलीट होते. तो तरुण पुढे बरेच दिवस कँटीनमध्ये लांबच्या टेबलावर बसतो.

उशीर हा वेगळा रोग. कंपनाची मोजमापे सेकंदाला दहा हजार येतात. पडदा १९२० ठिपके रुंद असतो आणि सेकंदाला साठदा रंगतो, पण सॉफ्टवेअर आलेला प्रत्येक बिंदू काढायला बसते. रांग वाढते. इंजिन बंद करून माणसे हात धुवायला गेली तरी ग्राफवर ते जोरात चालू असते. शेवटी बफर भरतो आणि उणे २००२७९ ही एरर येते. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या ड्रायव्हरचा हा आकडा त्याला स्वतःच्या गाडीच्या नंबरापेक्षा चांगला पाठ असतो. उपाय साधा: साठवायला सगळे बिंदू, पडद्यावर प्रत्येक उभ्या ओळीपुरते फक्त किमान आणि कमाल.

काळाचा घोटाळा तर त्याहून किरकोळ, पण घबराट मोठी. ग्राफ काढणारे लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर १९८६ साली मॅकिंटॉशवर जन्मले आणि त्या घराण्याचा शून्य क्षण म्हणजे १ जानेवारी १९०४ची ग्रीनिचची मध्यरात्र. खरी वेळ द्यायची राहिली की आडवा अक्ष भारतात पहाटे साडेपाचला सुरू होतो. मग नाइट शिफ्टवर आळ येतो.

घरी ग्राफबघ्या सुधारत नाही. मुलाला ताप आला की दोन थर्मामीटर लावतो आणि त्यांचे एकमत झाले तर तिसरा आणायला निघतो. त्याच्या स्वतःच्या छातीत दुखले तेव्हा ईसीजीची रेष वरखाली होताना पाहून बायको रडू लागली, तर हा नर्सला विचारत होता की ५० हर्ट्झचा फिल्टर चालू आहे का आणि डाव्या पायाचा क्लिप सैल तर नाही. क्लिप सैलच होता. डॉक्टरांनी त्याला तरीही दोन दिवस ठेवून घेतले.

प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याला व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसचा फॉर्म भरावा लागतो, त्यात “का?” पाचदा विचारलेले असते. ग्राफ का गेला? केबल तुटली. का? उंदराने कुरतडली. उंदीर का आला? ट्रेजवळ पोळीचे तुकडे सापडले. तुकडे का? तिथे कोणीतरी डबा खातो. का? कारण चाचणी चालू असताना ग्राफवरून नजर काढायची नाही, असा साहेबांचाच आदेश आहे. पाचवी ओळ तो कोरी सोडतो, उपायाच्या रकान्यात “मूषक-प्रतिबंधक केबल ग्लँड” लिहितो, आणि डब्याचे झाकण लावून फॉर्म सहीसाठी पाठवतो.