ब्लीचर्सवरचा हेळवी

सामन्याला नेमाने येऊन सामना न बघणारा माणूस पाहायचा असेल तर इंडियानाला जावं. तिथल्या कुठल्याही गावातल्या हायस्कूलच्या जिममध्ये, हिवाळ्यातल्या कुठल्याही शुक्रवारी रात्री, स्कोअररच्या टेबलामागे ब्लीचर्सच्या पाचव्या पायरीवर तो हमखास सापडतो. वय पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्यावर शाळेच्या रंगाची टोपी. अंगात त्याच रंगाचं जॅकेट, पण धुऊन धुऊन आता ते प्रतिस्पर्धी शाळेचं वाटू लागलेलं. बुडाखाली घरून आणलेली उशी, मांडीवर पॉपकॉर्नची पिशवी. खाली पोरं जीव तोडून पळत असतात, बँडवाले छप्पर उडवायच्या बेतात असतात, आयाबाया रेफरीचा उद्धार करत असतात आणि हा गृहस्थ शांतपणे शेजाऱ्याकडे वळून विचारतो, "हे लोक मुळात आपल्या कॉन्फरन्समध्ये आले कसे, ठाऊक आहे का?"

शेजाऱ्याने "नाही" म्हटलं तर तो सांगतो. "हो" म्हटलं तर शेजाऱ्याची माहिती कशी चूक आहे ते सांगतो.

आसपासच्या आठ-दहा हायस्कुलांनी आपसात बांधलेली मोट म्हणजे कॉन्फरन्स. कुणी कुणाशी कधी खेळायचं, ढाल कुणाकडे, हंगामाअखेर निवडक खेळाडूंच्या यादीत कोण, हे सगळं त्यांचं त्यांच्यात ठरतं. राज्य अजिंक्यपदाची स्पर्धा वेगळी. ती १९०३ साली निघालेली राज्य संघटना भरवते आणि तिथे सगळ्यांना मुभा असते. कॉन्फरन्स मात्र मर्जीचा मामला. नवीन शाळेला घ्यायचं तर आधीच्यांचा होकार लागतो आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर आधी कळवून निघता येतं. निघण्याची कारणंही साधीच असतात: पटसंख्या घटली, बसप्रवास परवडेना, फुटबॉलमध्ये दरसाल मार खाऊन पोरांची हाडं खिळखिळी झाली. पण आमच्या या गृहस्थाला साधी कारणं पटत नाहीत. कुठलीही शाळा कॉन्फरन्स सोडून गेली की त्यामागे कुणीतरी कुणालातरी बोललेलं असतं, आणि ते शब्द त्याला पाठ असतात.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडे सुगी झाली की हेळवी यायचा. दारात बसून आमची वंशावळ म्हणायचा: कोण कुठून आलं, कोण दत्तक गेलं, कुणाची भाकरी वेगळी झाली, कुणाचा वंश खुंटला. खुद्द घरच्यांना पणज्याचं नाव आठवायचं नाही, याला खापरपणज्याच्या धाकट्या भावाचं ठाऊक. इंडियानात जिममध्ये बसून या माणसाचं बोलणं ऐकलं आणि मी ओळखलं, हा हेळवीच. फरक एवढाच, की धान्य न घेता सांगतो.

आमच्या पाहण्यातला नमुना कोलंबस गावचा. हे कोलंबस म्हणजे कमिन्सचं गाव. १९१९ साली इथे डिझेल इंजिनाचा कारखाना निघाला आणि १९६२ साली त्याची एक फांदी पुण्याला, कोथरूडला आली. त्यामुळे पन्नास हजार वस्तीच्या या गावात थालीपिठाची भाजणी मिळण्याची सोय झाली, आणि आमचे चिरंजीवही तिथेच पोचले. नातू हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात आहे. राखीव. बाहेर बर्फ, घरात टीव्ही, म्हणून आजोबा शुक्रवारी जिममध्ये.

म्हातारा कमिन्सच्या इंजिन प्लांटमधून निवृत्त झालेला. पुण्याला एकदा येऊन गेलेला, म्हणून माझ्याशी सलगी. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "तुमची शाळा कुठल्या कॉन्फरन्समध्ये होती?"

म्हटलं, "आमच्याकडे कॉन्फरन्स नसते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. हरलं की बाद."

"एकदा हरलं की बाद? मग पुढल्या शुक्रवारी काय?"

"पुढल्या शुक्रवारी घटक चाचणी."

त्याने पॉपकॉर्नची पिशवी खाली ठेवली. बराच वेळ विचार केला. मग अतिशय काळजीने म्हणाला, "पण मग तुमचं वैर कुणाशी?"

मला उत्तर देता आलं नाही. आमचा खो-खोचा संघ दरसाल तालुक्याला पहिल्याच फेरीत बाद व्हायचा, तोही दरवेळी वेगळ्या शाळेकडून. वैर धरायला सवडच मिळाली नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की ज्याच्याकडून यंदा हरलो तो पुढल्या वर्षी ठरल्या तारखेला आपल्याच जिममध्ये येणार, ही खात्री म्हणजे कॉन्फरन्स. बाकी ढाली-बिली लोकांना दाखवायला.

त्याच्या खिशात आडव्या रेघांची पुठ्ठ्याची कार्डं असतात, रबर लावून बांधलेली. एकेका कॉन्फरन्सला एकेक कार्ड. त्यावर सदस्य शाळांची नावं पेन्सिलीने. काही नावं इतक्यांदा खोडलेली, की कार्डाला तिथे भोक पडून पलीकडची पोरं दिसतात. मी विचारलं, पेनने का लिहीत नाही? तर म्हणाला, "पूर्वी लिहायचो. तेव्हा लोक शब्दाला जागायचे."

या कार्डांचा पसारा समजून घ्यायला एक हिवाळा पुरत नाही. एकट्या कोलंबसचं बघा. १९७२ साली गावात दुसरं हायस्कूल निघालं. जुनं ते नॉर्थ झालं, नवं ते ईस्ट. एकाच गावच्या या दोन शाळा वर्षानुवर्षं दोन वेगळ्या कॉन्फरन्समध्ये. नॉर्थ 'कॉन्फरन्स इंडियाना'त, म्हणजे ब्लूमिंग्टन आणि पार टेर होटच्या पंगतीला. ईस्ट 'हूझिअर हिल्स'मध्ये, म्हणजे सीमोर, मॅडिसन, बेडफर्ड आणि खाली ओहायो नदीकाठचे न्यू ऑल्बनी-जेफरसनव्हिल यांच्याबरोबर. असं का, ते म्हाताऱ्याने मला सांगितलंय. इथे देत नाही, कारण सांगायला सुरुवात केली तेव्हा पहिला क्वार्टर चालू होता आणि संपलं तेव्हा झाडूवाला आमच्या पायाखालचे पॉपकॉर्न गोळा करत होता.

त्यात नावांचा घोळ. इंडियानाच्या माणसाला हूझिअर म्हणतात, त्यामुळे निम्म्या कॉन्फरन्सच्या नावात हूझिअर आहे: हूझिअर हिल्स, हूझिअर हेरिटेज, हूझिअर क्रॉसरोड्स, मिड-हूझिअर, हूझिअर नॉर्थ आणि कशाचाच टेकू न घेता नुसती हूझिअर. पैकी हिल्स आणि हेरिटेज दोघींचीही आद्याक्षरं एचएचसी. बाहेरच्या माणसाने त्याच्यासमोर "एचएचसी" म्हणावं आणि गंमत बघावी. तो डोळे बारीक करून "कुठली?" असं विचारतो. हा प्रश्न नसतो, परीक्षा असते.

पण खरा रंग चढतो तो मेलेल्या शाळांवर. १९३८ साली राज्य स्पर्धेत ७८७ हायस्कुलं उतरली होती. चार घरं, एक चर्च आणि एक जिम असलं की हायस्कूल, असा तो काळ. पुढे १९५९ साली शाळा एकत्र करण्याचा कायदा आला आणि खेड्यापाड्यांतली हायस्कुलं एकमेकांत विरघळली. सगळ्या शाळांची मिळून एकच स्पर्धा भरायची, तिचं शेवटचं वर्ष १९९७. त्या वर्षी उरली होती ३८२. बाकीची कुठे गेली, ते विचारायला राज्य सरकारकडे जायची गरज नाही. पाचवी पायरी.

"बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स म्हणजे एक शाळा समजू नका," तो सांगतो. "त्यात बेडफर्ड आहे, ऊलिटिक आहे, हेल्टनव्हिल आहे..." १९७४ साली हे सगळे एका छपराखाली आले. बेडफर्डच्या संघाचं नाव तोवर 'स्टोनकटर्स' होतं, कारण गावच दगडाच्या खाणींवर जगलेलं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला त्याच भागातला चुनखडक लागला. नव्या शाळेने नाव घेतलं 'स्टार्स'. याचं म्हाताऱ्याला अजून दुःख आहे. पाथरवटांना कुणी तारे करतं का? पण याच शाळेने १९९० साली राज्य जिंकलं, तेव्हा हेल्टनव्हिलच्या डेमन बेलीला बघायला ४१,०४६ माणसं इंडियानापोलिसच्या स्टेडियमवर लोटली होती. हायस्कूलच्या पोरांचा सामना! हा आकडा सांगताना तो शेवटच्या सेहेचाळीसावर जोर देतो. ते सेहेचाळीस जण त्याच्या ओळखीचे असावेत.

नावांवरून आठवलं. रिप्ली काउंटीत जॅक-सेन-डेल नावाचं हायस्कूल आहे. मला आधी वाटलं कुणी फ्रेंच संत असेल. तर जॅक्सन, सेंटर आणि डेलावेअर या तीन टाउनशिपांनी मिळून काढलेली शाळा. नावात कुणीच माघार घेईना, म्हणून तिघांची मुंडकी जोडली.

याच काउंटीतलं मायलन. १९५४ साली १६१ पोरापोरींच्या या शाळेने बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवून राज्य जिंकलं, आणि त्यावर बेतून १९८६ साली 'हूझिअर्स' नावाचा सिनेमा निघाला. अमेरिकेत बास्केटबॉल न कळणाऱ्यालाही ही गोष्ट ठाऊक असते. म्हातारा मात्र मायलनचं नाव काढलं की कंटाळतो. "सगळे जिंकणाऱ्याचं सांगतात," तो म्हणतो, "हरणारे कुठल्या कॉन्फरन्सचे होते ते विचारा की कुणीतरी."

आणि मग तो नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्सचं कार्ड काढतो. भोकं सगळ्यात जास्त याच कार्डाला. १९२६ साली उभी राहिलेली ही कॉन्फरन्स म्हणजे कारखान्यांच्या गावांची: अँडरसन, मन्सी, मॅरियन, कोकोमो. एकट्या मन्सी सेंट्रलची राज्य विजेतेपदं आठ. फ्रँकफर्टही एकेकाळी याच पंगतीत होतं. त्यांच्या संघाचं नाव 'हॉट डॉग्स', आणि ते म्हणताना हसायचं नाही, कारण त्यांनी चार वेळा राज्य जिंकलंय. न्यू कॅसलची वस्ती सतरा-अठरा हजारांची, पण १९५९ साली बांधलेल्या जिममध्ये माणसं बसतात ८ हजारांहून जास्त. जगातली सगळ्यात मोठी हायस्कूल जिम म्हणून ती मिरवते. म्हणजे सामन्याच्या रात्री निम्मं गाव आत आणि उरलेलं पार्किंग शोधतंय.

अँडरसनच्या जिमला विगवॅम म्हणायचे. तीही जवळपास नऊ हजारांची. गावात जनरल मोटर्सचे कारखाने होते, तीन हायस्कुलं होती. कारखाने गेले, माणसं गेली, मग मॅडिसन हाइट्स १९९७ साली बंद झालं, हायलँड २०१० साली. पाठोपाठ २०११ साली विगवॅमलाही कुलूप. न्यू कॅसल तर कॉन्फरन्सच बदलून गेलं. हा भाग सांगताना म्हातारा आवाज चढवत नाही, कुणावर आरोप करत नाही. इंजिनं बनवण्यात हयात गेलेल्या माणसाला कारखाना गेला की गावाचं काय होतं हे कळायला कार्ड लागत नाही.

मॅडिसन हाइट्सचं हे असं चाललेलं असतानाच जिममध्ये एकदम आरडाओरडा झाला. सूनबाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. आमच्या राखीव नातवाला शेवटच्या मिनिटाला आत घेतलं होतं आणि त्याने बास्केट टाकली होती. हंगामातली पहिली. घरी सगळ्यांनी विचारलं, "आजोबा, पाहिलंत ना?" मी म्हटलं, "पाहिलं की." मी पाहिलं होतं ते मॅडिसन हाइट्सच्या नावावरचं खोडरबर.

त्याच्या बायकोचंही सांगायला हवं. ती दर शुक्रवारी बरोबर येते, शेजारी बसून जाडजूड कादंबरी वाचते आणि बजर वाजला की पुस्तक मिटून विचारते, "कोण जिंकलं?" मग म्हातारा फलकाकडे बघतो. तोवर त्यालाही ठाऊक नसतं.

त्याचा पारा खराखुरा चढलेला मी एकदाच पाहिला, आणि तो हायस्कूलच्या नव्हे, कॉलेजांच्या नावाने. शिकागोत १८९५ साली इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षाने इतर विद्यापीठांच्या अध्यक्षांना बोलावून जिचा पाया घातला ती कॉलेजांची कॉन्फरन्स म्हणजे बिग टेन. म्हणजे इंडियानाच्या माणसाचंच लेकरू. नावात दहा, आणि २०२४ पासून सदस्य अठरा. एक अटलांटिकच्या अंगाला न्यू जर्सीत, दोन पॅसिफिकच्या अंगाला लॉस एंजेलिसमध्ये. "शेजारी म्हणे!" तो ओरडला. "यांना एकमेकांकडे जायला विमान लागतं! विमानाने जाऊन कुणी वैर करतं का?" पुढच्या पायरीवरच्या एका बाईला वाटलं रेफरीला उद्देशून आहे. तिनेही सूर मिळवला.

तर मुलाकडे इंडियानाला जाणार असाल आणि तेही थंडीत, तर एक सांगून ठेवतो. हेळवी ऐकायचा असेल तर पाचवी पायरी धरा, बरोबर डबा घ्या आणि चुकूनही "ते का सोडून गेले?" असं विचारू नका. विचारलंतच तर घरी उशीर होईल म्हणून आधी कळवा. नातवाचा खेळ बघायचा असेल तर सरळ समोरच्या बाजूला, पाहुण्यांच्या ब्लीचर्सवर जाऊन बसा. असाच एक म्हातारा तिकडेही असतो, पण तुम्ही यजमान शाळेचे म्हटल्यावर तो तुमच्याशी बोलत नाही.