शिकायचंय की प्रमोशन हवंय?

सुपरवायझरचा डिप्लोमा आठ दिवसांत हातात ठेवणाऱ्या गृहस्थांस,

पत्राच्या डोक्यावर ‘स. न. वि. वि.’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्यापुरती ती मी मोडतो. सप्रेम नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही, आणि मला विनंती करायची नाही, जाब विचारायचा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी तुमच्या खोलीत येऊन गेलो. भोसरीत, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. आमच्या नोटीस बोर्डावर कागद लागला होता की लाइन लीडरचा सुपरवायझर व्हायचं तर व्यवस्थापनातला डिप्लोमा पाहिजे, मुदत एक महिना. आयटीआय करून अकरा वर्षं मी प्रेस शॉपमध्ये काढली होती. तुम्ही मान वरही न करता विचारलंत, ‘शिकायचंय की प्रमोशन हवंय?’ प्रमोशन हवं असेल तर दोन फोटो, आधारची झेरॉक्स, आयटीआयची मार्कशीट आणि निम्मे पैसे आगाऊ. तारीख मागच्या वर्षीची टाकून मिळेल, टक्के सांगाल तेवढे. प्राचार्यांच्या सहीचं विचारलं, तर तुम्ही पेन उचललंत आणि माझ्यासमोर कोऱ्या कागदावर ती झोकात करून दाखवलीत.

मोह मला झाला होता, हे मी लपवणार नाही. घराचा हप्ता होता, मुलीची शाळा होती. तरीही मी जिना उतरलो, कारण तुमच्या प्रश्नातला ‘की’ माझ्या घशाखाली उतरला नाही.

मी दूरशिक्षणाच्या एक वर्षाच्या पदविकेला नाव घातलं. आमच्या पट्ट्यात ते किती जड जातं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्यावरच तुमचं दुकान चालतं. कंपनीची सुटी गुरुवारी, वर्ग रविवारी. म्हणजे दर रविवारी कुणाशी तरी शिफ्ट बदलायची, नाहीतर रजा टाकायची. थर्ड शिफ्ट संपवून चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये मी तक्रार निवारणाचा धडा वाचलेला आहे. डोळे मिटत होते, पुस्तक मांडीवरून घसरत होतं. तरी वाचत गेलो, कारण पहिल्या महिन्यातच कळलं की प्रेस चालवणं हे एक काम आणि प्रेस चालवणाऱ्याला सांभाळणं हे अगदी वेगळं काम.

काय शिकवतात तिथे, हे तुम्हीही कधी ऐकलं नसेल. ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले तयार कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत एकदम नवखी माणसं भरावी लागली. 1940 ते 1945 या काळात तिथल्या सरकारने सुपरवायझरना शिकवण्याचा एक कार्यक्रम चालवला आणि 16 लाखांहून जास्त लोकांना त्याची प्रमाणपत्रं दिली. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या. आधी माणसाची धास्ती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम दाखवा, एकेक पायरी, तिच्यातली मेख आणि ती तशीच का. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना ते ‘का’ त्याच्याच तोंडून येऊ द्या. शेवटी त्याला एकटं सोडा, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगा, आणि फेऱ्या मारत राहा. युद्धानंतर हीच पद्धत जपानने उचलली, टोयोटाने ती मुरवली, आणि आज आपल्या कारखान्यांतल्या डोजोमध्ये, म्हणजे सरावाच्या जागेत, नव्या पोराला उभं करतात त्यामागे तिचाच हात आहे.

मी ती पद्धत ओडिशाहून आलेल्या एका पोरावर वापरली. आधीचे तीन दिवस तो सगळ्याला ‘हो सर’ म्हणत होता. मशीनवर लावलेली एसओपी इंग्रजीत होती, ती त्याला वाचता येत नव्हती, आणि हे सांगायची त्याला लाज वाटत होती. तिसऱ्या पायरीला मी विचारलं, दोन्ही हातांनी दोन बटणं का दाबायची? तो म्हणाला, साहेबांनी सांगितलं म्हणून. मग मी रिजेक्शनच्या टॅगमागे डाय काढली, वरून येणारा रॅम काढला, त्याच्यामध्ये एक हात काढला. त्याने स्वतःचे दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि हिंदीत म्हणाला, हात इथे असले की तिथे जाऊच शकत नाहीत. एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून यायला पाऊण तास लागला. तुमच्या आठ दिवसांत ही पाऊण तासाची जागा कुठे आहे, ते मला दाखवा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. माझा अभ्यास चालू असताना माझ्याबरोबरचा एक जण तुमच्याकडे आला. आठ दिवसांनी त्याचा डिप्लोमा एचआरच्या फायलीत गेला आणि त्याला सेकंड शिफ्ट मिळाली. स्किल मॅट्रिक्सच्या फळ्यावर त्याच्या नावापुढचं वर्तुळ चारही पाव भरून काळं झालं. ते पूर्ण काळं असलं की माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो, असा त्याचा अर्थ.

त्याच्या शिफ्टला नांदेडकडचा एक पोरगा आला. कंत्राटावर, कामाचा चौथा दिवस. प्रेस जुनी होती. एक बटण दाबून अडकवलं तरी ती चालायची. कुणीतरी तिथे लाकडाची पाचर ठोकली होती. एक हात मोकळा राहिला की पार्ट भराभर घालता येतो, तासाला स्ट्रोक वाढतात. तुमच्या डिप्लोमावाल्याने ती पाचर पाहिली होती. तो माणूस वाईट नाही. टार्गेटसाठी वरून फोन येत होते, आणि अशा वेळी लाइन थांबवायचा अधिकार आपला आहे, ते आपलं काम आहे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या रात्री पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

अंगठ्याशेजारची दोन. पेन धरायची.

पुढे चौकशी झाली. तिथे तुमचा कागद बोलला. सुपरवायझर पात्र होता का? होता, डिप्लोमा फायलीला आहे. प्रशिक्षण दिलं होतं का? दिलं होतं, पात्र सुपरवायझरची सही आहे. मग चूक कुणाची उरली? अहवालात लिहिलं गेलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पाचरीचा उल्लेख कुठेही आला नाही.

म्हणून मी तुम्हाला नुसता भुरटा फसवणारा म्हणून सोडून द्यायला तयार नाही. तुम्ही विकलेला कागद निरुपयोगी नाही, तो फार उपयोगी पडतो. तो त्या पोराच्या विरुद्ध साक्ष देतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1987 साली, आपल्या फॅक्टरी कायद्यात एक कलम घातलं गेलं: कामगाराच्या जिवासाठी लागणारी माहिती, शिकवण आणि देखरेख पुरवणं हे कारखाना चालवणाऱ्याचं कर्तव्य. हजारो माणसं मेली तेव्हा ही ओळ कायद्यात आली. तुम्ही तिच्यातल्या शिकवण आणि देखरेख या दोन शब्दांच्या खोट्या पावत्या विकता. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत तुटणाऱ्या बोटांवर सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून अहवाल काढते आहे. त्यांत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते, कंत्राटी आणि परगावचा कामगार पुन्हा पुन्हा येतो. वाचा एकदा. तुमच्याकडे खाली झेरॉक्स आहेच.

गुन्हा तुमच्या एकट्याचा नाही, हेही मी जाणतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी कागद मोजणारे आणि माणसाला एक प्रश्नही न विचारणारे साहेब तुमचे भागीदार आहेत. अकरा वर्षांच्या कामगाराला एक महिन्याची मुदत देणारी नोटीस ही तुमची जाहिरात आहे. कामगाराला शिकायला पाठवायचं तर रविवार मोकळा द्यावा लागतो, आणि तो द्यायला कुणी तयार नसतं. पण साहेबांनी प्रश्न विचारला नाही, आणि खोटं उत्तर तुम्ही छापून दिलंत. दोन्हींत फरक आहे.

या मातीत तुमचा धंदा मला जास्त बोचतो, त्याला कारण आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड तिच्यामुळे वाढलं आणि पुढे चाकण उभं राहिलं. त्यांच्याच नावाने 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, ज्याला कॉलेजची वेळ पाळता येत नाही त्याच्यासाठी. हातात काम आणि कामाबरोबर शिक्षण, असे दोन दरवाजे एका नावाने या महाराष्ट्रात उघडले गेले. आज केंद्राच्या कौशल्य योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचीही सोय आहे. अकरा वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला लाज वाटू नये असे रस्ते आहेत. ते लांबचे आहेत, थकवणारे आहेत, पण त्यांच्या शेवटी माणूस बदललेला असतो. तुम्ही त्या रस्त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला आहात आणि येणाऱ्याला सांगता आहात की पुढे काही नाही, इथूनच घेऊन जा.

दुकान बंद करा. त्याआधी ज्यांना ज्यांना कागद दिलेत त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला फोन करून सांगा की तुला मी काही शिकवलेलं नाही, नव्या पोराला मशीनवर उभं करण्यापूर्वी कुणाकडून तरी शीक. तेवढ्याने बोटं परत येणार नाहीत. पण एखादी पाचर निघेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं राहून गेलं होतं, ते आता देतो. मला शिकायचं होतं. पदविका गेल्या वर्षी झाली. प्रमोशनही झालं, उशिरा. माझ्या शिफ्टला पहिलं काम मी बटणं तपासायचं करतो, स्वतः, हाताने.

नांदेडचा पोरगा आता स्टोअरमध्ये बसतो. माल आला की आवक रजिस्टरवर त्याला सही करावी लागते. तो डाव्या हाताने सही शिकतो आहे. दुपारच्या चहाला मी गेलो की जुन्या वहीच्या पानावर त्याने गिरवलेल्या सह्यांच्या ओळी दाखवतो आणि विचारतो, आता बरी जमते का? अजून अक्षरं हलतात. पण ती सही त्याची स्वतःची आहे.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपचा
शिफ्ट सुपरवायझर