टाक्यांसकट

18व्या-19व्या शतकातल्या इंग्लंडात चिनी मातीची किटली फुटली की कारागीर हिऱ्याचं टोक लावलेल्या गिरमिटाने भोकं पाडून तारेचे टाके घाली. तोटी गेली तर धातूची बसवी. नवी घेणं परवडत नसे, म्हणून ही काटकसर. आता परवडणारे लोक तीच काटकसर विकत घेतात. तिच्यात चहा ओतायचा नाही, पाहुण्यांना टाके मोजून दाखवायचे.

टाके मिरवण्यात जपानने मात्र आधीच बाजी मारली.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक हिरवट चिनी वाडगा आहे. तो तडकला तेव्हा शोगुन (जपानचा लष्करी शासक) आशिकागा योशिमासाने बदलून मिळावा म्हणून चीनला धाडला, अशी आख्यायिका आहे. तिकडून तोच परत आला, धातूचे टाके मारून! गिऱ्हाईक भांडलं नाही, उलट खूश झालं. आज तो सरकारदरबारी ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ आहे, अर्थातच टाक्यांसकट.